मेदाच्या दोन लेकी

"ऐकून राहिली ना तू?"

"हो जी."

"काय ऐकलं, सांग."

"झील पुरी होऊ द्यायची. मधात तोंड घालायचं नाही."

"आन् घातलं तर?"

"एकदा घातलं तर तुमी बोट दाखवाल. दुसऱ्यांदा घातलं तर डफ खाली."

डफ धानाच्या तणसाच्या जाळावर धरून माझे यजमान बोलत होते आणि मी जाळाकडे न बघता मंडईकडे बघत होते. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. पण आमच्या गाण्याच्या पार्टीच्या बोर्डावर माझ्या नावाखाली त्यांचं नाव असायचं, 'डफ : हिरामण लांजेवार', म्हणून इथंही घेते. हिरामण जाळावरून डफ उचलत, चामड्यावर बोटं टेकवत, कान लावत आणि पुन्हा जाळावर धरत. थंड डफ बोलत नाही. जास्त तापला तर फाटतो. ते दोन्हीच्या मधली जागा शोधत होते.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण तणसाचा तो गोड धूर आठवला, की अजून माझ्या छातीत टाळ वाजतात.

आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते. धान कापलेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, बांगड्यांची, जिलेबीची, फुग्यांची दुकानं लागतात, आणि भरदुपारी गावाच्या चौकात गाणं उभं राहतं. त्या वर्षी बोडीटोल्याच्या मंडईत कलगी-तुऱ्याचा सामना होता. दोन पार्ट्या समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. आम्ही कलगीवाले. शाहीर मीच, देवांगना लांजेवार. वडिलांमागे पार्टी माझ्याकडे आली. समोर तुऱ्याचे शाहीर मन्साराम गहाणे, पांढऱ्या मिशांचे, माझ्या वडिलांशी उभा जन्म भांडलेले. सामन्याचा नेम एकच : ज्याचा डफ आधी जमिनीवर टेकला, तो हरला.

आणि माझा डफ माझ्या हातात नव्हता. तो हिरामणच्या हातात होता.

त्याचं कारण तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. याच चौकात, काही वर्षांमागं, मी गायला उभी राहिले ती थांबलेच नाही. तुरेवाले उठून गेले, दुकानं उठली, माणसं पांगली, तरी मी गातच होते. तुळसाकाकू, माझी झीलकरी, झील धरायला, म्हणजे मागून धृपद ओढायला, तोंड उघडायची आणि मी ते तिच्या तोंडातून ओढून घ्यायची. शेवटी गातगात तलावात छातीएवढ्या पाण्यात शिरले. हिरामणनं ओढून काढलं. लोक म्हणाले, देवांगनाला हवा लागली. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात म्हणाले, बायपोलर. मन कधी वावटळीसारखं वर, कधी कोरड्या विहिरीसारखं खाली. गोळ्या सुरू झाल्या. वावटळ बसली. विहिरीलाही थोडं पाणी आलं. पण अंग सुटलं. चोळ्या उसवल्या, बोटातली अंगठी कापून काढावी लागली, गुडघे धरले. आणि गाणं बंद झालं. फुगलेल्या अंगानं कोणासमोर उभं राहायचं?

आता पुन्हा उभी राहणार होते. आनंदानं माझे हात थरथरत होते. आणि तीच तर पंचाईत होती. माझ्या घरात माझ्या आनंदाला कोणी सरळ आत घेत नसे. आधी दारात उभं करून विचारत, तू खरा का आजारातला? सासू विचारी, शेजारीण विचारी, मी स्वतःही विचारी.

"हात काहून कापून राहिले?" हिरामणनं विचारलंच.

"आनंद झाला जी."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "झोपली होती ना बरोबर?"

"घोरत होती ते तुमीच सांगितलं सकाळी."

ते हसले. डफावर बोटानं टिचकी मारली. टण्णकन आवाज आला, नव्या परातीसारखा. "चाल," म्हणाले.

* * *

सामना सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावरून कलंडलं होतं. आधी गण झाला, नमन झालं. मन्सारामकाकाजींनी दोन सोपे सवाल टाकले, मी दोन सोपे जबाब दिले. मी टाकलेले त्यांनी फुंकर मारल्यासारखे उडवले. लोकांना मजा येत होती. बाया बाजूच्या ओट्यावर दाटीनं बसल्या होत्या, लेकरं जिलेबी चाटत होती.

प्रत्येक कडव्यानंतर मी थांबत होते. तुळसाकाकू आणि मागच्या दोघी झील ओढत, पुरी करत, तेव्हाच मी पुढचं कडवं उचलत होते. तुळसाकाकू मध्येच माझ्या कानाशी पुटपुटली, "आज मले माझं तोंड वापरू देऊन राहिली व. सवय नाही राहिली, जबडा दुखून राहिला."

मला फस्सकन हसू आलं. हिरामणनं भुवई उचलली. मी हसू गिळलं.

तुरेवाल्यांच्या चटईमागं, खांबाला टेकून, एक तरुण बाई बसली होती. चांगली अंगानं भरलेली. त्या उन्हातही डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. शेजारच्या म्हातारीनं तिचं मनगट धरलं होतं, लेकराचं गर्दीत धरतात तसं. ती मान वर करत नव्हती. पण ओढणीखाली तिची बोटं हलताना दिसत होती. ताल धरत होती ती. डफाच्या पुढं पुढं, घाईघाईनं. ती घाई माझ्या ओळखीची वाटली. मी नजर काढून घेतली, कारण मन्सारामकाकाजी पुढं आले होते.

त्यांनी फेट्याचा शेव मागं टाकला. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, सगळ्या मंडईला दिसेल असं पाहिलं.

"मंडळी," ते म्हणाले, "मांगच्या खेपेले या चौकात मी वाऱ्याशी लढलो. आज पाहतो तं समोर पहाड उभा! आता म्हाताऱ्यानं वाऱ्याशी लढावं का पहाडाशी?"

मंडई खदखदली. ओट्यावरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. तुळसाकाकू फणकारली, "स्वतःची ढेरी पाय म्हणा आधी, डफ तिच्यावर ठेवूनच वाजवते." त्यावर आणखी हशा.

हशा ओसरू न देता काकाजींनी डफावर थाप मारली आणि सवाल टाकला :

सात जणांचं एकच घर, सांग शाहिरीणबाई,
सहा बोलती आपलं आपलं, एकाला वाचा नाही.
रक्त बोलतं नाडीमधुनी, हाड बोलतं मोडून,
कोण बसलाय मुका गादीवर, खातो पाय सोडून?

जुना सवाल होता. उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं; वडिलांनीच शिकवलं होतं. देहात सात धातू. रस, रक्त, मांस, मेद, हाडं, मज्जा, वीर्य. सहा आपलं अस्तित्व बोलून दाखवतात. मुका एकच, मेद. चरबी. नुसती साठते, बसून खाते.

म्हणजे जबाब द्यायचा, तर या सुटलेल्या अंगानं, या चौकात, माझ्या तोंडानं मला म्हणायचं होतं : मुका मेद. आणि लोक पुन्हा हसणार होते. नाही म्हटलं, तर सवाल चुकला आणि सामना गेला.

लोक वाट बघत होते. काकाजी मिशीत हसत होते. पण त्यांचे डोळे हसत नव्हते. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. माझ्यावर असे रोखलेले डोळे, जसे दिवाळीत दारावर आलेल्या माणसाचे असतात. काहीतरी मागायला आलेला, पण उभा मात्र ताठ.

आणि मग माझ्या अंगातून सर्रकन काहीतरी गेलं. मला उत्तर सुचलं होतं. पाठ केलेलं नाही. दुसरंच.

* * *

महिनाभर आधी मी नागपूरला गोळ्यांसाठी गेले होते. तिथं एक नवी डॉक्टरीण होती, रुही अन्सारी. लहानखुरी, चष्मेवाली, बोलता बोलता पेन हरवणारी. तिनं उपाशीपोटी बोलावलं, रक्त काढलं आणि मग टेप काढून माझ्या पोटाभोवती लावायला लागली.

मी म्हटलं, "डॉक्टरमॅडम, बिघडलं माझं डोकं. पोट कायले मोजता?"

ती टेप हातात धरून खुदकन हसली. "ताई, हाच तर माझा अभ्यास आहे. तुम्हाला चरबी म्हणजे काय वाटतं?"

"गोदाम. धान भरून ठेवल्यावानी."

"आम्हालाही फार दिवस तसंच वाटत होतं. पण ती नुसतं गोदाम नाही. ती बोलते."

"चरबी बोलते?"

"निरोप पाठवते. रक्तात हार्मोन सोडते, ते मेंदूपर्यंत जातात. एकाचं नाव लेप्टिन. दुसऱ्याचं अ‍ॅडिपोनेक्टिन."

"बाप्पा! एवढं नाव? सासरी हाक मारेपर्यंत पोरगी म्हातारी होईन."

ती इतकी हसली, की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला. मग तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. लेप्टिन मेंदूला सांगतं, पोट भरलं, आता पुरे. पण चरबी फार वाढली, की ते इतकं पाझरतं की मेंदू ऐकेनासा होतो. रोज ओरडणाऱ्याकडे घरचे लक्ष देत नाहीत तसं. दुसरं मात्र आतली सूज निववतं, आणि चरबी वाढली की तेच कमी होतं.

"सूज म्हणजे? माझ्या पायाची?"

"नाही. बाहेरून न दिसणारी. अंगभर धुमसणारी, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. तुमच्यासारखा आजार असलेल्या बऱ्याच लोकांत ती जास्त दिसते. आणि या दोन हार्मोनांचं मापही बदललेलं दिसतं."

"म्हणजे चरबीनं माझं डोकं फिरलं?"

तिनं लगेच हात हलवला. "असं नका समजू. आजारानं हे होत असेल, गोळ्यांनी होत असेल, किंवा दोन्हींचं मूळ एकच असेल. अजून कुणालाच पक्कं सांगता येत नाही. म्हणून तर रक्त घेते आहे मी."

 मग जे कितीतरी दिवस कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "मॅडम, मी खादाड म्हणून नाही ना फुगली? आळशी म्हणून? माझी सासू म्हणते..."

"नाही, ताई." ती इतक्या सरळपणे म्हणाली, की माझे डोळे भरून आले. "तुमच्या शरीरात निरोपांची गडबड आहे. आणि ऐका, वजनाला घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. सोडल्या तर वावटळ परत येऊ शकते. वजनाचं मला सांगायचं. गोळी बदलता येते, खाणं बघता येतं, चालणं वाढवता येतं. आपण मिळून बघू."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. साकोलीकडचं पिवळं धान मागं पळत होतं. माझ्या मनात दोन पोरी धावत होत्या. एक मोठ्या घशाची, एक बारक्या आवाजाची. कितीतरी वर्षांनी माझ्या ओठांवर चाल आली होती.

* * *

आता त्या दोघी चौकात उभ्या होत्या आणि मला म्हणत होत्या, आम्हाला गा.

मी हिरामणकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी मुका मेद म्हणणार; त्यांनी संथ ठेका धरला, मला ती लाज हळू गिळता यावी म्हणून. मी मान हलवली, लय वाढवा असं सांगितलं. त्यांचा हात क्षणभर थबकला. मग ठेका चढला.

मुका नाही हो मेद, शाहीर, मुका नाही हो मेद,
दोन लेकी त्याच्या पोटी, ऐका त्यांचा भेद.

 काकाजींची मिशी हलायची थांबली. तुळसाकाकूला हे धृपद नवं होतं, पण काकू काकू होती. तिनं पहिली ओळ पकडली आणि मागच्या दोघींना घेऊन उंच नेली. *मुका नाही हो मेद...*

थोरली धावे डोक्याकडे, म्हणे भरलं माय पोट,
आता पुरे कर, हात धू, नको लावू ओठ.

"असं सांगणारी पोट्टी आमच्या घरी पायजे बापा!" कोणीतरी जाड्या आवाजात ओरडलं आणि हशा पिकला. पण हा हशा वेगळा होता. तो माझ्या अंगावर येऊन आपटला नाही; त्यानं मला खांद्यावर घेतलं.

धाकटी बोले हळू हळू, निखाऱ्यावर पाणी,
जिथं जिथं सूज पेटे, तिथं तिची गाणी.

शब्द आता लाह्यांसारखे फुटत होते. एक फुटायच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. काकूनं झील उचलली होती, ती अजून "शाहीर" म्हणत होती, आणि मी तिच्या आवाजावरून उडी मारून पुढं गेले :

घर फुगलं, भिंत फुगली, थोरली ओरडे दारी,
रोजची हाक ऐकून ऐकून बहिरी झाली स्वारी!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण काकू अर्ध्या झिलीवर उघड्या तोंडानं उभी होती. आणि डफाच्या कडेवर हिरामणचं एक बोट सरळ उभं राहिलं होतं.

एक.

मला दिसलं. मला कळलं. आणि तरीही पुढचं कडवं घशात ढुशा देत होतं. त्याच्या मागं आणखी होती, कितीतरी, रांगेत नव्हे तर झुंडीनं. तलावातल्या त्या दिवशीही अशीच आली होती. हाच वेग, हाच उजेड, अंगावर हाच काटा. मी स्वतःला विचारलं, देवांगना, हे कोण गातंय? तू का ती वावटळ?  दोघींचा आवाज एकच असतो, हेच तर या आजाराचं मोठं दुःख आहे. काकूनं झील पुरी केली, तेवढी कशीबशी थांबले, मग उचललं :

धाकटीचा गळा बसला, कोण विझवी आग?
अंगामधला धूर चढे, माथ्याला ये जाग.

झील सुरू झाली. *मुका नाही हो...*

माझं तोंड उघडलं. हिरामणचा तळवा डफाच्या कडेवरून सुटला. डफ कलला. खाली, जमिनीकडे. एक वीत. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत राग नव्हता. तलावाच्या काठावर होते तेच ते डोळे.

मी ओठ मिटले.

एवढंच केलं मी. ओठ मिटले आणि दातांत जीभ धरली. कडवं आत आपटत होतं, आपटू दिलं. काकूची झील सावकाश पुढं सरकली, *...मेद, शाहीर...*, जणू बैलगाडी पुलावरून जातेय आणि मी काठावर उभी. तिनं झील पुरी केली. आता माझी पाळी. पण मी गायले नाही. हात उचलला आणि बोटांनी खूण केली, पुन्हा.

काकूनं पुन्हा धरली. या वेळी ओट्यावरच्या बायांतून कोणीतरी तिला साथ दिली. मग जिलेबीवाल्यानं झारा कढईवर वाजवला. मग सगळी मंडईच. *मुका नाही हो मेद, शाहीर, मुका नाही हो मेद!* लेकरं उड्या मारत म्हणत होती. माझ्या अंगावर हसणारी माणसं माझं गाणं म्हणत होती, आणि मी गप्प उभी राहून ते ऐकत होते. जन्मात असं सुख मला गाऊन मिळालं नव्हतं.

डफ पुन्हा हिरामणच्या छातीशी गेला. तेव्हा मी शेवटचं कडवं घेतलं, सावकाश, एकेक शब्द तळव्यावर ठेवावा तसं :

आधी वारं की आधी धूर, कोणा ठाव नाही,
नागपुराला रक्त दिलंय, निकाल आला नाही!

चौक हशानं आणि टाळ्यांनी फुटला. फेटे उडाले. आता तुऱ्याचा उलट सवाल यायचा होता. सगळे काकाजींकडे वळले.

मन्सारामकाकाजी गात नव्हते. डफ हातात तसाच होता. ते दोन पावलं पुढं आले आणि साध्या बोलण्यात म्हणाले, "शाहिरीणबाई, ते बहिरी झालेली स्वारी. तिले परत ऐकू येते का?"

लोक कुजबुजले. सामन्यात असं बोलून कोणी विचारत नाही.

"येते म्हणतात, काकाजी," मी म्हटलं. "हळूहळू. सगळ्यांचं सारखं नाही."

"आन् गोळ्यानं अंग फुगलं म्हणून कोणी गोळ्याच बंद केल्या तं?"

"मी नाही केल्या. डॉक्टरमॅडमनं सांगितलं, वजनाचं मले सांगा, पण गोळ्या सोडू नका."

 मग काकाजी वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारी माणसं वाकतात तसे. आणि तुऱ्याचा डफ जमिनीवर टेकवला.

* * *

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. गुलाल. माझ्यावरून हात ओवाळून काकूनं कडाकडा मोडलेली बोटं. कोणीतरी तोंडात कोंबलेली गरम जिलेबी. गर्दीतून सुटून आम्ही शाळेच्या मागच्या चिंचेखाली आलो, तिथं आमचा टेम्पो उभा होता. हिरामण डफाला कापडात गुंडाळत होते.

"डफ ठेवला काहून नाही तुमी?" मी विचारलं. "मी तोंड उघडलं होतं."

"उघडलं होतं. मंग मिटलं." ते गाठ मारत म्हणाले. "त्या साली तुले मी हाका मारल्या, काकूनं चिमटे काढले, तरी तू मिटलं नव्हतं. आज कोणी हातही लावला नाही. आनंदच होता तो. मी पाह्यला."

 त्यांनी माझ्या कपाळावरचा गुलाल अंगठ्यानं पुसला, आणि जास्तच पसरवला.

पाठीमागं कोणीतरी खाकरलं. मन्सारामकाकाजी. फेटा काढलेला, डोकं उघडं, एकदम साधे दिसत होते. त्यांच्या मागं ती म्हातारी, त्यांची बायको. आणि तिनं मनगट धरलेली ती ओढणीतली.

"आमची बारकी लेक," ते म्हणाले. "चंद्रकला."

चंद्रकलेनं मान वर केली नाही.

"तिलेही अशीच हवा लागली होती. नागपूरलेच नेलं होतं. गोळ्यानं बरी झाली, पण फुगली. पाहुणे पाह्यले यायचे आन् चहा पिऊन जायचे. मंग आमीच गोळ्या बंद केल्या. आमाले वाटलं, अंग उतरन." त्यांचा तो पल्लेदार आवाज कुठच्या कुठं गेला होता. "अंग तं उतरलं नाही. आन् आता दोन दिवसांपासून झोप नाही तिले. तू चरबीचं रक्त द्याले जाते असं कानावर आलं होतं."

ओढणीखालची ती घाईची बोटं मला आता कळली. आणि काकाजींचे न हसणारे डोळेही.

"काकाजी, मंग भरमंडईत काहून? घरी आले असते. मी सगळं सांगितलं असतं."

"घरी आलो असतो तं पोरीचा बाप म्हणून आलो असतो." ते खाली बघत म्हणाले. "बापाले विचारता येत नाही, बेटी. शाहिराले विचारता येते. पहाड म्हटलं ते तेवढं पोटात घाल."

"घातलं. जागाही भरपूर आहे."

काकाजींच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. तुळसाकाकू टेम्पोत बसूनच ओरडली, "आन् मी तुमच्या ढेरीले बोलली ते मी वापस घेत नाही, सांगून ठेवते!"

हिरामणनं तोवर ठरवून टाकलं होतं. "उद्या पहिल्या बसनं निघू. मी येतो, देवांगनाही येईन. त्या डॉक्टरमॅडम तिले ओळखतात."

काकाजींनी मान डोलावली. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला आणि त्यासाठी तिला लेकीचं मनगट सोडावं लागलं.

सुटं मनगट चंद्रकलेनं दुसऱ्या हातानं चोळलं. मग पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. डोळे जागरणानं लाल, पण त्यांत काहीतरी लकाकत होतं.

"बाई," ती भरभर म्हणाली, "ती दुसरी. धाकटी. हळू बोलणारी. तिचं परत म्हणता का? लवकर संपलं ते. सगळे हसून राहिले होते, मले नीट ऐकूच आलं नाही. तिले कोणी ऐकतच नाही का? तिचा गळा उघडते का मंग? उघडते ना?"

तिचे शब्द एकमेकांवर चढत होते, टाचा जमिनीवर टिकत नव्हत्या. मी हिरामणकडे पाहिलं. त्यांनी डफाची गाठ सोडली. चिंचेखालचा पालापाचोळा गोळा केला, काडी ओढली आणि थंड पडलेला डफ जाळावर धरला. आम्ही सगळे तो तापायची वाट बघत उभे राहिलो. काकाजीसुद्धा, तुऱ्याचे असून कलगीच्या डफासाठी.

"झील तू धरशील का?" मी चंद्रकलेला म्हटलं.

"मी?"

"मी एकदा म्हणीन. मंग तू. घाई करायची नाही."

हिरामणनं ठेका दिला, अगदी हलका, बोटांच्या टोकांनी. मी हळू आवाजात म्हटलं :

धाकटी बोले हळू हळू, निखाऱ्यावर पाणी,
जिथं जिथं सूज पेटे, तिथं तिची गाणी.

चंद्रकलेनं तोंड उघडलं. पहिला सूर तिचा पळालाच, डफाच्या पार पुढं. ती अडखळली, लाजली, ओढणी डोक्यावरून खाली घसरली. मग तिनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. *मुका नाही हो मेद...* आवाज बारीक होता, पण त्याला धार होती; पुढं तो मी कितीतरी मंडयांत माझ्या डाव्या खांद्यामागून ऐकला. ती एकेक शब्द चाचपत, वाटेत थांबत, पुन्हा उचलत चालली होती.

माझ्या ओठांवर पुढचं कडवं तयार होतं. मी थांबले.